हिवाळी जत्रांतील गर्दी आणि नाचणीचे गरम पेय : बेंगळुरूच्या बाजारपेठेचा एक अभ्यास

प्रस्तावना

कोरडवाहू शेतीतील खरीप धान्य घरात येते आणि त्याच सुमारास थंडीला, सणांना आणि जत्रांना सुरुवात होते. हा योग महाराष्ट्राइतकाच दक्षिण कर्नाटकातही जुळून येतो. बेंगळुरूच्या भोवतालच्या तुमकूर, रामनगर, कोलार, चिक्कबळ्ळापूर या भागांत नाचणीची काढणी सर्वसाधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते, आणि याच दोन-अडीच महिन्यांत बेंगळुरू शहरात खरेदीसाठी सर्वाधिक गर्दी उसळते. गर्दीतील ग्राहकाला गरम पेय हवे असते आणि शेतकऱ्याजवळ त्या पेयाचे धान्य असते. या दोहोंची गाठ घालण्याची कल्पना सोपी वाटते. प्रत्यक्षात मात्र मोड आणण्याचे शास्त्र, दुधाचा स्वभाव, अन्नाची सुरक्षितता आणि कपामागचा हिशेब या चारही बाबी नीट समजून घेतल्याशिवाय हा व्यवसाय पदरात काही टाकत नाही. कोकण, कोल्हापूर, नाशिक आणि सीमाभागातील नाचणी उत्पादक, स्वयंसाहाय्यता बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या यांना उपयोगी पडावा, या दृष्टीने बेंगळुरूच्या उदाहरणाच्या आधारे या चार बाबींचे विवेचन पुढे केले आहे.

बेंगळुरूचे हिवाळी बाजारपंचांग

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बेंगळुरूत डिसेंबर-जानेवारीतील रात्रीचे किमान तापमान सामान्यतः १५-१६ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. उत्तर महाराष्ट्रातील कडाक्याशी तुलना करता ही थंडी सौम्यच म्हणावी लागेल. तथापि संध्याकाळच्या गार वाऱ्यात हातात गरम पेला घ्यावासा वाटावा इतकी ती निश्चितच असते.

या हंगामाची नांदी बसवनगुडी भागातील ‘कडलेकाई परिशे’ या जत्रेने होते. कडलेकाई म्हणजे भुईमुगाची शेंग. ही जत्रा कार्तिक महिन्यातील शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णा, म्हणजेच मोठ्या नंदीच्या मंदिराच्या परिसरात भरते. सुंकेनहळ्ळी, मावळ्ळी, गुट्टहळ्ळी, दासरहळ्ळी ही पूर्वीची खेडी आज शहराने गिळली आहेत. परंतु तेथील शेतकऱ्यांच्या भुईमुगाची नासधूस करणाऱ्या बैलाला शांत करण्यासाठी शेंगांचा पहिला उतारा नंदीला अर्पण करण्याची प्रथा पडली, अशी आख्यायिका अद्याप सांगितली जाते. कर्नाटकातही महाराष्ट्राप्रमाणेच अमान्त महिने मोजले जात असल्याने हा सोमवार दोन्हीकडील पंचांगांत एकच येतो. मंदिराला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांच्या राशी लागतात आणि कर्नाटकाबरोबरच शेजारच्या राज्यांतूनही माल येतो.

नोव्हेंबरमध्येच गांधी कृषी विज्ञान केंद्र, अर्थात बेंगळुरू कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर सामान्यतः कृषी मेळा भरतो. डिसेंबरात नाताळच्या खरेदीने शिवाजीनगरचे रसेल मार्केट, कमर्शियल स्ट्रीट आणि ब्रिगेड रोड हे भाग फुलून जातात. डिसेंबर-जानेवारीत अवरेकाईचा, म्हणजे वाल-पावट्याच्या ओल्या शेंगांचा हंगाम शिगेला पोहोचतो व त्यासाठी स्वतंत्र मेळाही भरविला जातो. पारंपरिक अवरे हे लहान दिवसांतच फुलणारे पीक असल्याने त्याची शेंग थंडीतच येते. थंडीच्या दवात तिला येणाऱ्या विशिष्ट वासाला कन्नडमध्ये ‘सोगडु’ म्हणतात आणि ग्राहक त्या वासावरूनच माल पारखतो. दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेले ‘हेब्बाळ अवरे-३’ व ‘हेब्बाळ अवरे-४’ हे वाण कृषी विद्यापीठाने विकसित केले आणि पीक वर्षभर घेणे शक्य झाले. तरीही बाजारातील ओढ हिवाळी शेंगेचीच राहिली. यानंतर संक्रांतीसाठी कृष्णराजेंद्र मार्केटात ऊस, तीळ, गूळ, खोबरे यांची झुंबड उडते. ‘एळ्ळु-बेल्ल’ वाटून गोड बोलण्याचा आग्रह धरण्याची तेथील रीत मराठी माणसाच्या तिळगुळाची सख्खी बहीणच आहे. हंगामाची सांगता प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास लालबागेतील पुष्पप्रदर्शनाने होते.

यातील बहुतेक गर्दी एखाद्या शेतमालाभोवती जमते, ही बाब उत्पादकांनी ध्यानात घ्यावी. शेंगा, पावटा, ऊस, तीळ यांच्यासाठी आलेला ग्राहक शेतमालाकडे आधीच अनुकूल दृष्टीने पाहत असतो. अशा ठिकाणी नाचणीचे पेय अनोळखी पाहुण्यासारखे वाटत नाही.

थंडीतील पेयांची परंपरा

बेंगळुरूत गरम पेय म्हटले की प्रथम चिकोरीमिश्रित फिल्टर कॉफीच आठवते. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि कॉफी मंडळाचे मुख्यालयही याच शहरात आहे. कॉफीखेरीज धणे, जिरे, मिरी, सुंठ यांच्या भाजलेल्या पुडीचा ‘कषाय’, सुंठ व गुळाची ‘सुक्कु कापी’, केशर-वेलचीचे बदाम दूध आणि राळ्या-नाचणीच्या पेजा घरोघरी परिचित आहेत. नाचणी ताकात मिसळून केलेली ‘अंबली’ उन्हाळ्यात अधिक घेतली जाते, तर दूध-गुळातील ‘रागी माल्ट’ थंडीत.

मराठी घरांतही याला समांतर परंपरा आहे. नाचणीची आंबील, भाताची पेज, कुळथाचे कळण, हळदीचे दूध, सुंठीचा काढा, गवती चहा ही सर्व पेये शेतातील उत्पादनांवरच उभी आहेत. चहाच्या प्रसाराने ती मागे पडली. आजारपण आणि बाळंतपण एवढ्यापुरती उरली. कर्नाटकाने मात्र नाचणीला सार्वजनिक जीवनात स्थान टिकवून ठेवले. सोळाव्या शतकातील संतकवी कनकदासांनी ‘रामधान्यचरिते’ या काव्यात भात आणि नाचणी यांचा वाद मांडून नाचणीची थोरवी गायिली. २०२४ पासून राज्य शासनाने शाळकरी मुलांना दुधात मिसळलेले रागी माल्ट आठवड्यातील तीन दिवस देण्याची योजना सुरू केली. पेय एकदा मुलांच्या जिभेवर रुळले, की बाजार पुढील पिढीपर्यंत टिकतो.

नाचणीच का?

नाचणीच्या १०० ग्रॅम दाण्यांत साधारणतः ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ व गहू यांच्याशी तुलना करता हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक आहे. या कॅल्शियमचा मोठा वाटा दाण्याच्या कवचात असतो, ही बाब प्रक्रियेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पीठ अतिशय बारीक चाळले, किंवा भिजवून वाटून, फडक्याने गाळून केवळ खाली बसलेला पांढरा साका वाळवला, तर पेय गुळगुळीत होते; परंतु चोथ्याबरोबर कॅल्शियमही निघून जाते. अशा गाळीव ‘सत्त्वा’ला पूर्ण नाचणीचे गुणधर्म चिकटवणे योग्य नव्हे. माल्ट म्हणजे मोड आणून, वाळवून, हलके भाजून दळलेले पीठ. त्यात कवचाचा अंश राहू देता येतो.

नाचणीचा दुसरा गुण म्हणजे तिची साठवणूक. दाणा अत्यंत बारीक असल्याने साठवणीतील किडी त्याला फारशा लागत नाहीत. जुन्या म्हैसूर प्रांतात नाचणी जमिनीतील ‘हगेवु’ नावाच्या खड्ड्यांत वर्षानुवर्षे ठेवली जाई. महाराष्ट्रातील पेव म्हणजे त्याचेच भावंड. त्यामुळे काढणीच्या वेळी भाव पडल्यास घाईने विक्री करण्याची सक्ती नाचणी उत्पादकावर नसते. गरजेप्रमाणे थोडे थोडे धान्य काढून त्याचे माल्ट करता येते.

वाणांच्या बाबतीत कर्नाटकाने केलेले कार्य सर्वपरिचित आहे. भारतीय व आफ्रिकी वाणांच्या संकरातून लक्ष्मणय्या यांनी ‘इंडाफ’ मालिका निर्माण केली. पुढे करपा रोगास प्रतिकारक असा ‘जीपीयू-२८’ हा वाण मोठ्या क्षेत्रावर पसरला. महाराष्ट्रात ‘दापोली-१’, ‘फुले नाचणी’ यांसारखे वाण शिफारशीत आहेत. माल्टसाठी कोणताही वाण निवडला, तरी दाण्याची उगवणशक्ती उत्तम असणे ही पहिली अट होय. कारण न उगवलेला दाणा माल्ट होत नाही, तो केवळ भिजलेला दाणा राहतो.

माल्ट तयार करण्याची पद्धत

नाचणी अंकुरते तेव्हा तिच्यात अमायलेज नावाचे विकर वाढते. हे विकर पिठातील स्टार्चचे लांब रेणू तोडते. परिणामी माल्टची पेज पातळ व किंचित गोडसर होते. साध्या पिठाची पेज जितक्या प्रमाणात घट्ट होऊन पिण्याजोगी राहत नाही, तितक्याच प्रमाणात माल्ट घातले तरी ती सहज ओतता येते. शिवाय अंकुरणात फायटेटचे प्रमाण घटते व खनिजे शरीराला अधिक उपलब्ध होतात. भरड धान्यांत माल्टसाठी नाचणी विशेष अनुकूल असल्याचे म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील कामाने दाखवून दिले आहे.

कृतीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. धान्याची निवड : खाण्यासाठी राखलेले, स्वच्छ, एकसारखे, नव्या हंगामातील धान्य घ्यावे. पेरणीसाठी बुरशीनाशक चोळलेले बियाणे कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. ते धुऊनही खाण्यायोग्य होत नाही.

२. भिजवणे : तीन-चार पाण्यांनी धुऊन, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत. पिण्यायोग्य पाण्यात सुमारे १२ तास भिजवावे. सहा तासांनी पाणी बदलावे.

३. मोड आणणे : पाणी पूर्ण निथळून धान्य ओल्या सुती कापडात बांधावे किंवा स्वच्छ गोणपाटावर पातळ थरात पसरून झाकावे. २५ ते ३० अंश तापमानात ३६ ते ४८ तासांत योग्य मोड येतात. दिवसातून दोन-तीन वेळा पाणी शिंपडून धान्य वरखाली करावे. थंडीच्या रात्री मोड मंदावतात; म्हणून खोली उबदार ठेवावी, वेळ वाढवून धान्य आंबू देऊ नये. आंबूस वास, चिकटपणा किंवा बुरशीचे तंतू दिसल्यास ती घाण सबंध टाकून द्यावी.

४. वाळवणे : मोडाची धान्ये पातळ थरात, जाळीने झाकून, शक्य तितक्या लवकर वाळवावीत. ढगाळ हवामानात वाळवणयंत्राचा आधार घ्यावा. दातांखाली कडक फुटेल इतका दाणा वाळला पाहिजे.

५. मुळे काढणे : वाळलेले मोड हातांनी किंवा गोणपाटावर चोळून पाखडावेत. मुळांमुळे पेयाला कडवटपणा येतो.

६. भाजणे व दळणे : मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परतावे. करपू देऊ नये. करपल्यास विकर नष्ट होते आणि पेय पुन्हा घट्ट होते. थंड झाल्यावर दळून मध्यम चाळणीने चाळावे व हवाबंद डब्यात भरावे.

माल्टची परीक्षा घरच्या घरी घेता येते. १० ग्रॅम पीठ १०० मिलिलिटर गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत तापवावे. उकळी आल्यावर ते पातळ कढीसारखे वाहते राहिले तर माल्ट चांगले उतरले. पिठल्यासारखे घट्ट झाले तर मोड अपुरे होते किंवा भाजणी जास्त झाली, असे समजावे.

शंभर पेल्यांचे प्रमाण

प्रत्येकी १५० मिलिलिटरच्या १०० पेल्यांसाठी पुढील प्रमाण सोयीचे ठरते.

नाचणी माल्ट – १.२ किलो
पाणी – ९.५ लिटर
दूध – ६ लिटर
गूळ – १.२ किलो
ताजे आले – १५० ग्रॅम
वेलची – १५ ग्रॅम
मीठ – चवीपुरते

या सर्वांचे आकारमान सुमारे १७ लिटर होते. उकळताना होणारी घट वजा जाता १५ लिटर पेय हाती येते. एका पेल्यात १२ ग्रॅम माल्ट, ६० मिलिलिटर दूध आणि १२ ग्रॅम गूळ जातो. माल्ट फारसे चाळलेले नसेल तर नाचणी व दूध मिळून एका पेल्यातून ११० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. प्रौढ व्यक्तीसाठी २०२० च्या राष्ट्रीय शिफारशीत दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे; म्हणजे एका पेल्याने गरजेचा साधारण दहावा हिस्सा भागतो. विक्रीच्या फलकावर एवढेच लिहावे. ‘हाडांचे सर्व विकार बरे होतात’ यासारखे दावे खोटे तर आहेतच, कायद्यानेही निषिद्ध आहेत. मधुमेही ग्राहकांसाठी बिनगुळाचे पेय वेगळे ठेवावे; गूळ नैसर्गिक असला तरी रक्तातील साखर तो साखरेप्रमाणेच वाढवतो.

माल्ट उकळत्या पाण्यात कधीही टाकू नये. उकळत्या पाण्यात गुठळ्या होतातच. शिवाय विकराला काम करण्यास वेळच मिळत नाही. माल्ट गार पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवावे. ६० ते ७० अंशांच्या दरम्यान स्टार्च फुगतो आणि त्याच वेळी विकर त्याला तोडत असते. हा टप्पा सुमारे १० मिनिटांत ओलांडावा. त्यानंतर किमान ५ मिनिटे खळखळून उकळणे अनिवार्य आहे, कारण मोड आणताना जंतूंचीही वाढ झालेली असते. बेंगळुरूच्या उंचीवर पाणी १०० ऐवजी सुमारे ९७ अंशांवर उकळते. या फरकाने सुरक्षिततेत उणेपणा येत नाही, मात्र उकळण्याची मिनिटे घड्याळ लावूनच मोजावीत.

दूध का फाटते?

गूळ आणि आले हे थंडीतील पेयाचे प्राण. आणि दूध फाटण्याची कारणेही तीच. जत्रेच्या ऐन गर्दीत १५ लिटरचे पातेले फाटले, तर त्या दिवसाचा नफा तेथेच संपतो. म्हणून यामागील कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८ असतो. गूळ किंचित आम्लधर्मी असतो. जुना, पाघळलेला किंवा आंबूस गूळ अधिकच. तापलेल्या दुधातील केसीन हे प्रथिन सामू थोडा उतरला तरी अस्थिर होते आणि दूध फुटते. आल्याचे कारण निराळे आहे. ताज्या आल्यात प्रथिने तोडणारे झिंजिबेन नावाचे विकर असते. कोमट-गरम दुधात ते जोमाने काम करते व दूध साकळते. परंतु उकळत्या पाण्यात ते निष्क्रिय होते. म्हणून कच्चे आले थेट दुधात किसून टाकणे धोक्याचे, तर पाण्यात उकळलेले आले निर्धोक.

यावरून कृतीचा क्रम ठरतो. प्रथम एकूण पाण्यापैकी ५ लिटर पाण्यात ठेचलेले आले ५ मिनिटे उकळावे, त्यातच गूळ विरघळवून गाळून घ्यावे. गाळल्याने गुळातील माती व कचराही निघतो. उरलेल्या गार पाण्यात माल्ट कालवून वर सांगितल्याप्रमाणे शिजवावे व त्यात आल्या-गुळाचे पाणी मिसळून एक उकळी आणावी. दूध वेगळ्या पातेल्यात उकळून शेवटी, आच बंद केल्यावर, ढवळत ओतावे. वेलची त्यानंतर घालावी. दूध घातल्यानंतर पुन्हा दीर्घकाळ उकळू नये. गुळाची नवी भेली फोडताना प्रत्येक वेळी एका पेल्याची चाचणी घ्यावी. एक पेला फुटलेला परवडतो, पातेले परवडत नाही.

गर्दीतील सुरक्षितता

धान्याची पेज आणि दूध यांचे मिश्रण माणसाइतकेच जंतूंनाही पोषक असते. विशेषतः बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू उकळल्यावरही जिवंत राहू शकतात. पेय कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिले, तर ते रुजतात आणि त्यांच्या विषामुळे उलट्या-जुलाब होतात. लहान मुले, गर्भवती व वृद्ध यांना हा त्रास अधिक बाधतो, आणि जत्रेत हे पेय मुख्यतः त्यांच्यासाठीच घेतले जाते. यास्तव पुढील नियम काटेकोरपणे पाळावेत.

१. पेय ६० अंशांहून अधिक तापमानात ठेवावे. झाकणाचा, उष्णता टिकवणारा स्टीलचा डबा व साधा तापमापक एवढी सामग्री पुरेशी होते.

२. फार तर दोन तासांत संपेल एवढेच पेय एका वेळी तयार करावे. दूध न मिसळलेले माल्टही कोमट ठेवून देऊ नये.

३. उरलेले पेय दुसऱ्या दिवशी तापवून विकू नये. तयार झालेले विष पुन्हा उकळल्याने नाहीसे होत नाही.

४. पेला देताना तापमान ६०-६५ अंशांच्या आसपास असावे. ६५ अंशांहून अधिक गरम पेये नित्य पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने संभाव्य धोक्याचे असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले आहे. मुलांचा पेला आणखी निववून द्यावा.

५. पैसे घेणारा आणि पेला भरणारा अशा दोन स्वतंत्र व्यक्ती असाव्यात. शेगडी व उकळते पातेले ग्राहकांच्या बाजूस न ठेवता मागे, स्थिर बैठकीवर ठेवावे.

६. शेंगदाण्याची चिक्की वा कूट त्याच ओट्यावर असल्यास पळ्या व हात वेगळे ठेवावेत; भुईमुगाची अधिहृषता असलेल्या व्यक्तीला अल्प अंशही घातक ठरू शकतो.

७. प्लॅस्टिकचे पेले, चमचे व ढवळण्याच्या काड्या यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. धुता येणारे स्टीलचे पेले वापरल्यास ते उकळत्या पाण्यातून काढण्याची व्यवस्था हवी. अन्यथा मातीचे कुल्हड वापरावेत.

८. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना घेऊनच विक्री करावी व त्याचा क्रमांक दर्शनी भागी लावावा.

नोव्हेंबरातील जत्रांत बेंगळुरूत पावसाची सर अनपेक्षितपणे येते. माल्टचे पीठ ओल लागताच गोळे धरते व खराब होते. म्हणून ते एकेका घाणीच्या मापाने, म्हणजे १.२ किलोच्या पिशव्यांत आधीच भरून न्यावे. याने गर्दीत वजन करण्याचा व्यापही वाचतो.

कपामागचा हिशेब

२०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी नाचणीचा किमान आधारभूत दर क्विंटलला ४,८८६ रुपये आहे. मोड, वाळवण, मुळे व चाळण यांतील घट धरून १०० किलो धान्यापासून ७५ किलो माल्ट मिळाले असे मानू. मग एका पेल्यातील १२ ग्रॅम माल्टसाठी १६ ग्रॅम धान्य लागते आणि त्याची किंमत सुमारे ७८ पैसे होते. दूध, गूळ, इंधन, मजुरी व जागेचे भाडे यांपुढे ही रक्कम किरकोळ आहे. म्हणजे पेल्याच्या किमतीत धान्याचा वाटा अल्प असतो; नफा-तोटा ठरतो तो दूध, श्रम आणि वाया जाणाऱ्या पेयावर. नाचणी घरची आहे, म्हणून पेय स्वस्तात पडेल, हा समज येथे टिकत नाही.

इंधनाचा अंदाजही आधी बांधावा. १७ लिटर पेय उकळून सुमारे दीड लिटर आटवण्यास, शेगडीची निम्मी उष्णता वाया जाते असे धरून, अंदाजे ४०० ग्रॅम गॅस लागतो. त्या हिशेबाने १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये ४५ च्या आसपास घाणी निघतात. घरगुती सिलिंडर अशा विक्रीसाठी वापरता येत नाही.

विक्रीच्या वेगालाही मर्यादा आहे. एक पेला भरून देण्यास २० सेकंद लागले, तर तासाला १८० पेले जातात. दिवसाला १,००० पेले विकण्यासाठी साडेपाच तासांहून अधिक वेळ अखंड वाटप करावे लागेल. तीन दिवसांच्या जत्रेत असे ३,००० पेले विकले, तरी माल्ट खपते ३६ किलो. म्हणजे धान्य केवळ ४८ किलो. एवढ्या धावपळीनंतर अर्धा क्विंटल नाचणीही संपत नाही.

मग जत्रेचा उपयोग काय? उपयोग आहे, पण पेला हा नमुना मानला तर. दर १० ग्राहकांपैकी एकाने चव आवडून अर्ध्या किलोचे माल्टचे पाकीट घेतले, तर ३०० पाकिटांत १५० किलो माल्ट, म्हणजे दोन क्विंटल धान्य जाते. पेल्यांतून खपलेल्या धान्याच्या हे चौपटीहून अधिक होय. पाकिटाला दुधाचा खर्च नाही, नासण्याची भीती अल्प आणि ग्राहक घरी गेल्यावर पुन्हा मागणी करू शकतो. यासाठी पाकिटावर घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत आणि कृती स्पष्ट छापावी. ‘गार पाण्यात कालवा, मंद तापवा, पाच मिनिटे उकळा’ ही ओळ ठळक हवी. बाजारात माल्ट या नावाखाली साखर अधिक आणि नाचणी कमी असलेली मिश्रणेही मिळतात. बचत गटाच्या पाकिटावर ‘नाचणी १०० टक्के’ एवढेच प्रामाणिकपणे लिहिता आले, तर तीच त्याची जाहिरात ठरेल.

महाराष्ट्रातील उत्पादकांसाठी

जेजुरीची चंपाषष्ठी, सोलापूरची संक्रांतीची गड्डा यात्रा, सिंधुदुर्गातील आंगणेवाडीची जत्रा, तालुकोतालुकीची कृषी प्रदर्शने व महिला बचत गटांचे मेळावे ही महाराष्ट्राची हिवाळी बाजारपेठ आहे. मोठ्या यात्रेत उतरण्यापूर्वी गावातील हळदीकुंकू किंवा शाळेचे स्नेहसंमेलन अशा ५०-१०० जणांच्या कार्यक्रमात पूर्ण कृती करून पाहावी. पहिल्या तीन घाणींत धान्य, माल्ट, गूळ, दूध, गॅस आणि उरलेले पेय यांची वजने वहीत नोंदवावीत. वर दिलेली ७५ टक्क्यांची माल्ट-उतार ही केवळ हिशेबासाठी धरलेली आहे. प्रत्येक गटाचा आकडा त्याच्या वाणावर, मोडाच्या कालावधीवर आणि चाळणीवर अवलंबून राहील. दर ठरवायचा तो या वहीवरून.

ध्यानात ठेवण्याचे मुद्दे

१. माल्टसाठी उगवणशक्ती उत्तम असलेले, औषध न चोळलेले धान्यच वापरावे.

२. माल्ट गार पाण्यात कालवून मंद तापवावे व शेवटी पाच मिनिटे उकळावे.

३. आले व गूळ पाण्यात उकळून गाळावे. दूध वेगळे उकळून शेवटी मिसळावे.

४. पेय ६० अंशांवर ठेवावे, दोन तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे.

५. पेला चवीसाठी आणि पाकीट उत्पन्नासाठी, असे नियोजन करावे.

थंडीच्या गर्दीत गरम पेल्याला ग्राहक मिळतोच. त्या ग्राहकाने पुढील वर्षी त्याच गटाचा ओटा शोधत यावे, यासाठी मात्र धान्य निवडण्यापासून पेला विसळण्यापर्यंतचे प्रत्येक काम नेमाने व्हावयास हवे.